तिसऱ्या मजल्यावरची तार

हरिश्चंद्र पिलणकर मालवाहू बोटीवर डेकवर काम करायचा. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर जायचे आणि उरलेले रत्नागिरीत, मुरुगवाड्यातल्या घरी. घरात माणसं दोनच, आई आनंदीबाई आणि बायको मालन. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. हरिश्चंद्रच्या लग्नालाही चार-पाच वर्षं होत आली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल आनंदीबाई सुनेला कधी काही बोलली नाही. शेजारणी बोलल्या तर विषय बदलून माशांच्या भावावर जायची.

सत्त्याऐंशी साली सुट्टीवर येताना हरिश्चंद्रने सिंगापुरातून व्हिडिओ गेम आणला. पुस्तकाएवढा पांढरा डबा, दोन रिमोट आणि एक कॅसेट. डबा टीव्हीला जोडला की पडद्यावर अर्धवट बांधलेली इमारत उभी राहायची आणि पिवळं हेल्मेट घातलेला एक बुटका माणूस तिच्यावर चढायला निघायचा. पहिल्या दोन मजल्यांवर नुसत्या उड्या होत्या, पिंपांवरून, विटांवरून. तिसऱ्या मजल्यावर मात्र मधली जमीनच संपायची. खाली उकळत्या डांबराची टाकी आणि वर लोंबकळणाऱ्या तीन गोष्टी. आधी एक लांब तार, मग साखळ्यांना टांगलेला लोखंडी दांडा, मग पुन्हा एक आखूड तार. माणसाने उडी मारून तार धरायची, झोका वाढवायचा, हात सोडून दांडा पकडायचा, आणि तिथून पुढची तार.

हरिश्चंद्रला पहिली तार धरता यायची, पण दांडा हाती लागायचा नाही. सुट्टीचा अख्खा शेवटचा पंधरवडा तो त्या टाकीत पडत राहिला. ज्याच्या हाताला बोटीवरच्या तारा आणि दोरखंडांनी घट्टे पडले होते, त्याला हे बाहुलं असं पाडतंय याचा त्याला मनापासून राग यायचा. मालन शेजारी बसून बघायची. एकदा तिने विचारलं, मी करून बघू का. तो म्हणाला, तुला नाही जमायचं, याला हाताची सवय लागते. ती पुन्हा बोलली नाही. ऑगस्टात तो बोटीवर गेला. डबा टीव्हीच्या खालच्या कप्प्यात राहिला.

पुढच्या मे महिन्यात तो परत आला. सकाळच्या एसटीने उतरला, अंघोळ केली, जेवला आणि दुपारी टीव्हीसमोर बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की टीव्हीच्या मागे लाकडी फळीवर एक नवीन स्विच बसवलेला आहे. तो दाबला की अँटेनाची तार काढल्याशिवाय गेम लागायचा. त्याने विचारल्यावर मालन म्हणाली, विठूने बसवून दिला. विठू म्हणजे धनजी नाक्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. त्यांच्याच वाडीतला, तिशीचा, अजून लग्न न झालेला. खाऱ्या वाऱ्याने अँटेना गंजली, चित्र हललं की वाडीतली सगळी घरं त्यालाच हाक मारायची. हरिश्चंद्रला त्यात वावगं काही वाटलं नाही. स्विच चांगलाच होता.

त्याने खेळायला सुरुवात केली, दोन मजले पार केले आणि तिसऱ्यावर आल्या आल्या टाकीत पडला. पुन्हा पडला. मालन स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं,

"जरा आधी सोडा. अगदी टोकाला गेला की बाबल्या खालीच येतो."

"बाबल्या कोण?"

ती गडबडली. पडद्याकडे हात करून म्हणाली, "हाच. असंच आपलं नाव ठेवलं."

हरिश्चंद्र त्या माणसाला कधी कुठल्या नावाने हाक मारत नव्हता. त्याने रिमोट तिच्यापुढे धरला. ती नको म्हणाली, मग पदराला हात पुसून खाली बसली. आणि तो बघतच राहिला. तिची नजर पडद्यावर होती, अंगठे आपले आपण चालत होते. बाबल्याने उडी मारली, तार धरली, दोन झोके घेतले. तिसरा झोका पुढे गेला, दांडा हाताशी आला, तरी तिने सोडलं नाही. तो एक झोका तिने तसाच रिकामा जाऊ दिला. पुढच्या झोक्याला, तार टोकाला पोचायच्या जरा आधी तिने हात सोडला आणि बाबल्या दांड्याला जाऊन लटकला. मग आखूड तार, मग पलीकडची भिंत. चौथा मजला आला, त्यावर फिरती चाकं होती. पाचवा आला, तो निळा होता, रात्रीचा. हरिश्चंद्रने चौथा मजला तोवर पाहिलाच नव्हता. आपण पैसे मोजून आणलेल्या डब्यात हे सगळं होतं आणि आपली बायको तिथे नेहमीची जाणारी-येणारी आहे, हे त्याला एकदमच कळलं.

तिने खेळ थांबवला तेव्हा त्याने विचारलं, "कोणी शिकवलं?"

मालनने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "कोण शिकवणार? बसता बसता आलं."

तेवढंच झालं. पण उत्तराआधीचा तो क्षण हरिश्चंद्रच्या डोक्यात रुतून बसला. तिला खोटं बोलता येत नसे, हे त्याला पक्कं माहीत होतं. काहीतरी होतं जे ती सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारची सोनूबाई भेटायला आली. बसल्या बसल्या ती म्हणाली की तू नसतास तेव्हा विठूचा केवढा आधार होतो बायकामाणसांना. दुपारचा येतो बिचारा, टीव्हीचं काय ते बघतो, चहा घेऊन जातो. तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज बोलली. हरिश्चंद्रने मात्र त्यातले दोनच शब्द उचलले, दुपारचा आणि चहा. दुपारी आई आत आडवी होते. दुपारी वाडी सामसूम असते. त्याला ती खोली दिसायला लागली. चटई, टीव्हीचा उजेड, दोन रिमोट. एक मालनच्या हातात, दुसरा कोणाच्या?

तो धनजी नाक्यावर गेला. बॅटरीचे सेल घ्यायचं निमित्त होतं. विठू एका उघड्या टीव्हीत डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली, मनापासून हसला, दादा कधी आलात म्हणून विचारलं. त्याची बोटं लांब आणि चपळ होती, इवलेसे स्क्रू न बघता फिरवत होती. हरिश्चंद्र त्या बोटांकडेच बघत राहिला. निघताना विठू म्हणाला,

"दादा, वहिनी गेम भारी खेळतात हां. मी स्विच बसवायला आलो होतो तेव्हा बघितलं. एवढ्या रत्नागिरीत कोण नसेल तसं खेळणारं."

हरिश्चंद्र हसला आणि बाहेर पडला. सेल घ्यायचे राहूनच गेले. घरी येईपर्यंत त्या वाक्याचे त्याने किती तुकडे केले असतील. बघितलं, म्हणजे किती वेळ बघितलं? ती खेळत होती म्हणजे हा बाजूला बसला असणार. आपण नऊ-दहा महिने पाणी बघत होतो तेव्हा याने ते बघितलं, जे आपण काल पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतरचे दिवस घरात कोणाला चांगले गेले नाहीत. हरिश्चंद्र सकाळपासून रिमोट घेऊन बसायचा आणि मालनसारखाच एक झोका रिकामा सोडायचा प्रयत्न करायचा. तो रिकामा झोका त्याला सहन व्हायचा नाही. दांडा समोर दिसत असताना थांबायचं कसं? आणि थांबायला तिला शिकवलं कोणी? तिचं हे असं थांबणं त्याला बाकी कशात कधी दिसलं नव्हतं. ही सवय नक्की दुसऱ्या कोणाच्या हातातून आली, असं त्याने ठरवूनच टाकलं. तो पडायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि रिमोट काही खाली ठेवायचा नाही. मालन खेळायला आली नाही. तिने विचारलंही नाही. ती बोलायची, जेवायला वाढायची, त्याच्या शर्टांची बटणं लावून ठेवायची, पण हळूहळू तिचं बोलणं कामापुरतं झालं.

आनंदीबाई मात्र चिडचिडी झाली. दुपारी आडवी व्हायची सोडून पानाचा डबा घेऊन बाहेरच्या खोलीत घुटमळायची. किती वेळ बसतोस, भाट्याला मावशीकडे जाऊन ये, कोणा मित्राला भेट, असं सांगायची. हरिश्चंद्रला वाटलं आईलाही काहीतरी ठाऊक आहे आणि ती झाकून घेते आहे. एका घरात दोन बायका आणि दोघी मिळून एक गोष्ट लपवताहेत, हे त्याला विठूपेक्षाही जास्त झोंबलं.

शेवटी रविवारी त्याने विठूला चहाला बोलावलं. मालनला सांगितलं की चित्र जरा हलतंय, तो बघून जाईल. चित्र हलत नव्हतं. मालनने ते पाहिलं होतं, पण ती आधण ठेवायला आत गेली.

विठू आला, धुतलेला शर्ट घालून. टीव्ही बघितला, सगळं ठीक आहे म्हणाला. हरिश्चंद्र म्हणाला, बस. त्याने गेम लावला, स्वतः पहिले दोन मजले पार केले आणि बरोबर तारेपाशी येऊन थांबला. मग रिमोट विठूच्या मांडीवर ठेवला.

विठू म्हणाला, मला नाही येत हो. हरिश्चंद्र म्हणाला, येतं रे, खेळ. विठूला वाटलं थट्टा चालली आहे. पण हरिश्चंद्रच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आणि दुसऱ्यांदा तो "खेळ" म्हणाला तेव्हा ते सांगणं राहिलं नव्हतं. विठूने रिमोट उचलला. मालन कपबशा घेऊन दारात उभी होती. आनंदीबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती, तिचा हात थांबला.

बाबल्याने उडी मारली, तार त्याला सापडली. मग तो नुसता लोंबकळत राहिला, मागे पुढे, मागे पुढे. विठू एकेक बटण चाचपून बघत होता.

"सोडायचं कुठल्या बटणाने?" त्याने विचारलं.

आणि बाबल्या भलत्याच वेळी सुटून सरळ टाकीत गेला. हरिश्चंद्रने पुन्हा एकदा खेळायला लावलं. या वेळी त्याला तारही सापडली नाही. एवढं अडाणीपण कोणाला मुद्दाम आणता येत नाही. हरिश्चंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि तो मोठ्याने हसला, विठूच्या पाठीवर थाप मारून हसला, पुन्हा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत तो एकटाच हसतो आहे.

विठूने रिमोट खाली ठेवला. त्याने हरिश्चंद्रकडे पाहिलं, मग दारातल्या मालनकडे. त्याचा चेहरा उतरला. तो अबोल माणूस नव्हता, नाक्यावर दिवसभर दहा लोकांशी बोलणारा होता, पण त्या वेळी दुकानात काम पडलंय एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. रविवारी त्याचं दुकान बंद असे.

मालनने कपबशा खाली ठेवल्या. चहा थोडासा बशीत सांडला.

"माझ्या हाताचं वळण त्याच्या हाताला आहे का, ते बघायला बोलावलंत ना?"

हरिश्चंद्रने उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मग? दिसलं काही?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं, त्यालाही आवाज चढवता आला असता. आनंदीबाईने अडकित्ता डब्यात ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टीव्हीसमोर येऊन चटईवर बसली. विठूने ठेवलेला रिमोट तिने घेतला. चष्मा नाकावर नीट केला. सांधे सुजलेल्या त्या अंगठ्यांनी तिने बाबल्याला पहिल्या तारेवर नेलं, दोन झोके घेतले, एक झोका रिकामा सोडला आणि मग पुढच्याला, टोकाच्या जरा आधी, हात सुटला. दांडा. आखूड तार. भिंत.

"मी शिकवलं तिला," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "झोका आपला नसला की जाऊ द्यायचा. आणखी काही विचारायचं आहे तुला?"

मग तिने सांगितलं ते तुटक तुटक, आणि मधे बाबल्याला फिरत्या चाकांवरून उड्या मारायला लावत. हरिश्चंद्र गेल्यावर पावसात दिवस सरता सरत नव्हते. दोघी एकमेकींकडे बघून कंटाळल्या होत्या. एके दुपारी मालनने डबा काढला. मालन तारेवरून पडायची आणि आनंदीबाई मागून सांगायची, आता नको, आता सोड. सांगून सांगून तिचाच हात शिवशिवायला लागला. भादव्यात तिने पहिल्यांदा रिमोट धरला. त्या माणसाला बाबल्या तिनेच केलं, तिच्या माहेरी मालगुंडला त्या नावाचा असाच एक बुटका गडी होता, माडावर चढणारा. पण हे कोणाला कळता कामा नये, असं तिने सुनेला बजावून ठेवलं. नातवंडं खेळवायच्या वयाची विधवा बाई भर दुपारी टीव्हीवर खेळते, हे वाडीत कळलं असतं तर लोकांनी हसून हसून जीव घेतला असता. विठूने एकदा स्विच बसवताना मालनला खेळताना पाहिलं, तेव्हा आनंदीबाई घाईघाईने आत जाऊन झोपली होती. विठू चहा प्यायचा तोही आनंदीबाईबरोबर, मागल्या पडवीत.

हरिश्चंद्र खाली बसला. सगळं उलगडलं होतं. आता हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. भाद्रपदातल्या त्या दुपारी त्याला दिसायला लागल्या. बाहेर पाऊस, आत या दोघी, एक ओरडतेय सोड सोड आणि दुसरी हसतेय. त्यात विठू नव्हता, कोणीच परका नव्हता, आणि तरी त्याच्या पोटात तेच दुखत होतं.

मालन म्हणाली की उद्या सकाळी तुम्ही विठूकडे जायचं. त्याने मान हलवली.

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेलाच तो गेला. विठूने फळी बाजूला केली, त्याला पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. हरिश्चंद्र बसला नाही. वाटेत त्याने बोलायचं बरंच जुळवलं होतं, ते सगळं आता पोकळ वाटायला लागलं. तो म्हणाला, "माझ्या डोक्यात घाण आली होती. तुझ्याबद्दल. चूक माझी."

विठूने बराच वेळ हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला.

"दादा, मला एवढं कळलं असतं तर मी आलोच नसतो. वहिनींना मी बहिणीसारखं मानतो, पण हे सांगायची पाळी यावी हेच वाईट." मग थांबून म्हणाला, "तुम्ही घरी असाल तेव्हा कधीही हाक मारा, येईन. तुम्ही नसताना नाही येणार."

हरिश्चंद्रला कालपर्यंत नेमकं हेच हवं होतं. आता ते मिळालं आणि घेऊन घरी जाताना त्याची मान वर होईना. त्याने मालनला जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, म्हणजे पावसात टीव्ही बंद पडला की तुम्ही यायची वाट बघायची. आई काय करतील त्या दिवसांत? चिपळूणहून नाहीतर पावस गावातून दुसरा माणूस आणू वगैरे तो म्हणाला, ते तिने ऐकूनही घेतलं नाही.

आनंदीबाई मात्र त्या दिवसापासून उघड खेळायला लागली. गुपित फुटलंच होतं. सोनूबाई बघायला आली, हसली, मग रोज यायला लागली. मालन त्यांच्यात बसायची, पण हरिश्चंद्र खोलीत आला की उठून कामाला लागायची. तसे बरेच दिवस गेले. पाऊस सुरू झाला, त्याच्या जाण्याची तारीख मुंबईहून आली.

जायच्या दोन दिवस आधी ती मागल्या अंगणात कपडे काढत असताना तो तिच्यामागून गेला. त्याने विचारलं, राग अजून आहे का. ती म्हणाली, राग गेला, पण तुम्ही समोर आलात की मला आधी ती कपबशी आठवते.

त्याने दोरीवरचा एक शर्ट ओढून काढला. मग आयुष्यात क्वचितच बोलला असेल तसं खरं बोलला.

"नुसतं विठूचं नव्हतं ते. मी तिकडे एकटा असतो. आणि मी नसताना तू इथे हसत होतीस, ते मला सोसलं नाही."

मालनने हातातल्या लुंगीची घडी केली. तिला हे अपेक्षित नव्हतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, कितीतरी दिवसांनी.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत हसू नको?"

हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही म्हणायला अजून जीभ वळत नव्हती. तिने अर्धे कपडे त्याच्या हातावर टाकले आणि दोघं पावसाची सर यायच्या आत घरात आले. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली. नेहमीसारखं नाही, पण बोलली.

पुढच्या काही वर्षांत बरंच बदललं. विठूने शब्द पाळला. हरिश्चंद्र नसताना त्याने एकट्याने त्या घराची पायरी कधी चढली नाही. रस्त्यात भेटला तर आनंदीबाईची चौकशी करायचा. एका पावसाळ्यात टीव्ही दीड महिना बंद होता, त्यात दोघींनी पत्ते खेळून दिवस काढले. मग विठूचं लग्न झालं, गुहागरच्या मैनाशी. मैना तोंडाची मोकळी, तिला कोणाचं काही माहीत नव्हतं. तिनेच एक दिवस, हरिश्चंद्र बोटीवर असताना, नवऱ्याला ओढून पिलणकरांकडे आणलं, आणि मग दोघं अधूनमधून रविवारी यायला लागले.

हरिश्चंद्र सुट्टीवर आला तेव्हा मालनने त्याला हे स्वतःहून सांगितलं, जेवताना. मैनाला मुलगा झाला, ती किती हसवते, आईंना तिच्याशिवाय करमत नाही. हरिश्चंद्र ऐकत जेवत होता. आमटी वाढून घेताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं,

"विठू पण बसतो का बराच वेळ?"

मालनचा हात पळीवर थांबला. हरिश्चंद्रने आपलाच प्रश्न ऐकला, आणि त्याचे कान तापले.

"राहू दे," तो म्हणाला. "मला आमटी वाढ."

तिने वाढली.